पृथ्वीचें चित्र कीं पृथ्वीचा लेख?

कोणत्याहि कृतीचें परीक्षण करण्यापूर्वीं ती कोणत्या जातीची आहे हें टीकाकारानें ठरवून घेतलें पाहिजे. लावणीला महाकाव्याचे नियम लावले, किंवा बखरीकडून कादंबरीची अपेक्षा केली, तर तो दोष कृतीचा नसून टीकाकाराचा असतो. ही जुनीच गोष्ट पुन्हां सांगण्याचें कारण असें कीं, गेल्या पन्नासांहून अधिक वर्षांत एका अगदीं नव्या जातीची कृति आपल्यापुढें आली आहे, आणि तिची जात कोणती याविषयीं खुद्द तिच्या कर्त्यांच्याच मनांत घोटाळा आहे. ही कृति म्हणजे उपग्रहांतून आणि विमानांतून घेतलेलीं भूपृष्ठाचीं चित्रें. तीं शास्त्राचीं साधनें आहेत, राज्यकारभाराचे पुरावे आहेत, आणि अलीकडे तीं चौकटींत बसवून भिंतीवर टांगण्याचीहि प्रथा पडली आहे. यांपैकीं शेवटच्या प्रथेविषयीं आम्हांस येथें कांहीं लिहावयाचें आहे. पण पहिल्या दोहोंना स्पर्श केल्यावांचून तें लिहितां येणार नाहीं.

अमेरिकेची अंतराळसंस्था नासा आणि तेथील भूगर्भ सर्वेक्षण खातें यांनीं २००२ सालीं 'अर्थ ॲज आर्ट' या नांवाखालीं लँडसॅट-७ या उपग्रहाच्या निवडक चित्रांचें प्रदर्शन वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्यें मांडलें. त्यानंतर या मालिकेचे आणखी संग्रह निघाले, आणि २०१२ सालीं नासानें त्याच नांवाचें एक देखणें पुस्तकहि काढलें. नांवाचा सरळ अर्थ 'कला म्हणून पृथ्वी' असा. देवनागरींत लिहितां क्षणींच त्यांतला पहिला शब्द आमच्याकडचा 'अर्थ' होऊन बसतो, ही गंमत मराठी वाचकाच्या ध्यानांत आल्यावांचून राहणार नाहीं. आणि आमचें म्हणणें थोडक्यांत सांगावयाचें तर या संग्रहांत 'आर्ट' पुष्कळ आहे, 'अर्थ' मात्र निसटला आहे, हेंच होय.

प्रथम गुणांविषयीं. मिसिसिपी नदीनें आपलें पात्र बदलतां बदलतां मागें टाकलेलीं वळणें आणि त्यांच्या आजूबाजूच्या शेतांच्या काटेकोर चौकटी, अलास्कांतील यूकॉन नदीच्या मुखाशीं शिरांप्रमाणें पसरलेले असंख्य फांटे, ऑस्ट्रेलियांतील एअर सरोवराचा तो भयाण चेहरा, हीं पानें उलटतांना रसिकाचें मन वेधलें जाणार नाहीं असें होणें शक्य नाहीं. निवड शास्त्रीय महत्त्वावरून नव्हे, सौंदर्यावरून केली आहे, हेंहि संपादकांनीं लपविलेलें नाहीं. छपाई उत्तम, रंग तेजस्वी, शीर्षकें सुटसुटीत. एखाद्या चित्रसंग्रहाकडून याहून अधिक काय मागावयाचें, असें कोणी विचारील. तो चित्रसंग्रह असता तर आम्हींहि कांहीं मागितलें नसतें.

या मालिकेंतील सर्वांत लोकप्रिय पान घेऊं. बाल्टिक समुद्रांत स्वीडनच्या पूर्वेस गॉटलंड नांवाचें बेट आहे. १३ जुलै २००५ रोजीं लँडसॅट-७ नें टिपलेल्या या चित्रांत काळ्यानिळ्या पाण्यावर हिरवट भोंवरे बेटाभोंवतीं गरगरत असलेले दिसतात. व्हॅन गॉगनें १८८९ सालीं रंगविलेल्या तारांकित रात्रीच्या आकाशाशीं त्यांचें साम्य आहे, हें कोणासहि दिसेल. म्हणून चित्राला नांवच मिळालें 'अंतराळांतून व्हॅन गॉग'. आणि २०१२ सालीं लँडसॅट-मालिकेस चाळीस वर्षें झालीं त्या निमित्तानें लोकांचीं मतें मागविलीं तेव्हां पहिला मान त्यालाच मिळाला.

आतां हे भोंवरे कशाचे? ते सूक्ष्म वनस्पतिप्लवकांचे आहेत. बाल्टिक हा जवळजवळ कोंडलेला समुद्र. भोंवतालच्या देशांतील शेतांवरचें नत्र आणि स्फुरद, व शहरांचें सांडपाणी, हीं नद्यांवाटें त्यांत येऊन पडतात; आणि बाहेरच्या महासागराशीं त्याच्या पाण्याची अदलाबदल फार सावकाश होते. खत मिळालें कीं शेतांत जसें तण माजावें, तसे हे प्लवक उन्हाळ्यांत माजतात. मरून तळाशीं बसतात. कुजतांना पाण्यांतील प्राणवायु संपवून टाकतात. आणि मग तळाचे मोठमोठे पट्टे माशांना राहण्याजोगे उरत नाहींत. असा बहर निसर्गतःहि येतो, हें खरें. पण विसाव्या शतकांत त्याला जो जोर चढला तो माणसाच्या हातचा आहे. बाल्टिककांठच्या राष्ट्रांनीं १९७४ सालीं हेलसिंकी येथें करार केला, तो या समुद्राच्या रक्षणासाठींच.

संपादकांनीं माहिती दडविली असा आरोप आम्ही करीत नाहीं; प्लवकांचा उल्लेख चित्राखालच्या टीपेंत आहे. आमचा आक्षेप नांवावर आहे. आमच्या अलंकारशास्त्रांत अपह्नुति म्हणून एक अलंकार सांगितला आहे. त्यांत उपमेयाचा निषेध करून त्याच्या जागीं उपमानाची स्थापना करावयाची असते: हें मुख नव्हे, हा चंद्रच. काव्यांत अपह्नुति शोभते, कारण मुख म्हणजे काय हें वाचकास आधींच ठाऊक असतें; निषेध केला तरी तें नाहींसें होत नाहीं. पण गॉटलंडभोंवतींचा समुद्र पाहणाऱ्यांपैकीं किती जणांना ठाऊक आहे? ज्याला उपमेयाची ओळखच नाहीं, त्याच्यापुढें 'हा समुद्र नव्हे, हें व्हॅन गॉगचें आकाश' असें म्हटलें कीं समुद्र खरोखरीच जातो आणि आकाश तेवढें उरतें. एका आजारी समुद्राच्या अंगावरचें पुरळ नक्षी म्हणून दिवाणखान्यांत लावलें जातें, आणि लावणारा निर्दोष असतो.

रंगाविषयींहि थोडें बोलणें प्राप्त आहे. कारण या चित्रांच्या मोहिनीचा अर्धा भाग रंगांत आहे आणि या रंगांबद्दल मोठा गैरसमज आहे. उपग्रहांतील यंत्र आपल्या डोळ्यासारखें पाहत नाहीं. तें प्रकाशाचे निरनिराळे पट्टे वेगवेगळे मोजतें, आणि त्यांतील कित्येक पट्टे मानवी डोळ्यास मुळींच दिसत नाहींत. हिरवें पान तांबडा प्रकाश शोषून घेतें, कारण त्यांतील हरितद्रव्यास तो हवा असतो. परंतु तांबड्याच्या पलीकडचा जो अवरक्त प्रकाश, तो पानाच्या आंतील पेशींच्या रचनेमुळें मोठ्या प्रमाणावर परत फेंकला जातो. पान सुकलें, रोगट झालें, कीं हें परतणें बदलतें. हा अदृश्य पट्टा दाखवावयाचा तर त्याला कोणता तरी दृश्य रंग द्यावा लागतो. आणि बहुधा तांबडा देतात. म्हणून अशा चित्रांत उसाचा मळा रक्तासारखा लाल दिसतो, आणि उघडी जमीन निळसर करडी. दुसऱ्या महायुद्धांत शत्रूनें तोडलेल्या फांद्यांखालीं किंवा हिरव्या कापडाखालीं लपविलेल्या तोफा ओळखण्यासाठीं जी फिल्म वापरीत, तिच्यापासून ही वहिवाट पडली. रंगविलेलें कापड डोळ्यास पानासारखें दिसलें तरी अवरक्त प्रकाशांत तें पान होऊं शकत नाहीं.

तात्पर्य, हे रंग म्हणजे लिपि आहे. लिपीला सौंदर्य असतें. मोडीच्या एकाद्या दफ्तरांतील वळणदार अक्षरें पाहून आम्हांसहि आनंद होतो. परंतु ज्याला मोडी वाचतां येत नाहीं त्यानें तो कागद फ्रेम करून लावावा आणि 'काय सुंदर वेलबुट्टी' म्हणावें, आणि त्या कागदांत मात्र कोणाच्या तरी वतनाची जप्ती लिहिलेली असावी, असा हा प्रकार आहे. 'अर्थ ॲज आर्ट'मध्यें तर रंग मूळच्याहून अधिक भडक करून घेतलेले असतात. अक्षर सुंदर करण्याच्या नादांत मात्रा-वेलांट्या हालल्या तर वाचणारानें काय करावें?

वरून पाहण्याची हौस आमच्या वाङ्मयास नवी नाहीं. मेघदूतांतील मेघ रामगिरीहून, म्हणजे बहुतेकांच्या मतें आमच्या रामटेकाहून, निघून अलकेपर्यंतचा सारा प्रदेश ओलांडतो. रघुवंशाच्या तेराव्या सर्गांत पुष्पक विमानांतून परततांना राम सीतेला समुद्रापासून अयोध्येपर्यंतचीं स्थळें दाखवितो. शाकुंतलाच्या सातव्या अंकांत इंद्राच्या रथांतून खालीं उतरणाऱ्या दुष्यंताला पृथ्वी कशी जवळ येतांना दिसते, याचें वर्णन तर विमानांत बसलेल्या कोणाहि मनुष्यास चकित करील: आधीं नुसती रेघ भासणाऱ्या नद्यांना पाणी येतें, पानांच्या गर्दींतून झाडांचीं खोडें सुटीं होतात. कालिदासानें हें कसें जाणलें असेल तें तोच जाणे. परंतु या सर्व ठिकाणीं पाहणाराची दृष्टि एका प्रवासाची, एका वेळेची आहे. भूमि तेथें शोभा म्हणून येते, किंवा आठवण म्हणून. ती बदलली कीं नाहीं हा प्रश्न कालिदासास पडत नाहीं.

तो पडला भवभूतीला. उत्तररामचरिताच्या दुसऱ्या अंकांत राम पुष्कळ वर्षांनीं दंडकारण्यांत परत येतो, आणि त्याला आपलें ओळखीचें अरण्य ओळखतां येत नाहीं. प्रवाह होता तेथें वाळवंट झालें आहे. झाडी दाट होती तेथें विरळ आणि विरळ होती तेथें दाट झाली आहे. शेवटीं डोंगर जागच्या जागीं आहेत एवढ्यावरून तो खूण पटवितो कीं वन तेंच. विदर्भाच्या या कवीनें करुणरसाच्या ओघांत जें सांगितलें, तोच भूपृष्ठाच्या निरीक्षणाचा पहिला नियम आहे. दोन वेगवेगळ्या वर्षांचीं चित्रें एकावर एक बसवावयाचीं तर न बदललेल्या खुणा आधीं शोधाव्या लागतात: एखादें शिखर, एखादा खडक, एखादा जुना पूल. त्या जुळल्या म्हणजेच बाकीचें काय हाललें तें कळतें. एका चित्रावरून बदल दिसत नाहीं. आणि जेथें बदल हाच विषय आहे तेथें एक चित्र म्हणजे पोथीचें एक सुटें पान होय.

ही कसोटी हातीं घेऊन लँडसॅटकडे पाहिलें म्हणजे त्याची खरी थोरवी कोठें आहे तें कळतें. पहिला लँडसॅट २३ जुलै १९७२ रोजीं उडाला. त्यावर दोन यंत्रें होतीं. एक दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासारखें. सगळ्यांचा भरंवसा त्याच्यावर होता. दुसरें, व्हर्जिनिया नॉरवुड या विदुषीनें योजलेलें, एक आरसा सेकंदाला सुमारें तेरा वेळां हालवून भूमीची एक एक पट्टी मोजीत जाणारें; हालता आरसा अवकाशांत काय टिकणार, अशी पुष्कळांस शंका होती. थोड्याच दिवसांत पहिलें यंत्र विजेच्या बिघाडामुळें बंद करावें लागलें, आणि आरशानें मात्र वर्षानुवर्षें काम केलें. त्याच्या चित्रांतील सर्वांत लहान ठिपका जमिनीवर सुमारें ८० मीटरांचा होता. १९८२ पासूनच्या यंत्रांनीं तो ३० मीटरांवर आणला. १९८४ सालीं उडालेला पांचवा लँडसॅट २०१३ पर्यंत चालला. सहावा १९९३ सालीं कक्षेंत पोंचलाच नाहीं. आठवा २०१३ सालीं आणि नववा २०२१ सालीं गेला. एवढ्या काळांत यंत्रें बदललीं, पण नवें यंत्र जुन्याशीं ताडून पाहण्याची शिस्त सुटली नाहीं. आणि आमच्या मतें या संपूर्ण उद्योगांतील सर्वांत कौतुकाची गोष्ट हीच आहे, जरी तिचें चित्र काढतां येत नाहीं.

या पोथीचींहि पानें गहाळ आहेत. १९८० नंतरच्या दशकांत लँडसॅटचा कारभार खाजगी व्यापाराकडे सोंपविण्यांत आला. एका दृश्याची किंमत चार हजार डॉलरांच्या वर गेली. आणि गिऱ्हाइक नाहीं तेथें चित्र नाहीं, असें होऊं लागल्यामुळें जगाच्या पुष्कळ भागांचीं त्या वर्षांतलीं चित्रें घेतलींच गेलीं नाहींत. ज्या प्रदेशाला पैसे देणारा वाचक नव्हता, त्याचा इतिहासच लिहिला गेला नाहीं. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीसाठीं पुण्याच्या भांडारकर संस्थेंत विद्वानांनीं गांवोगांवच्या पोथ्या जमवून पाठभेद ताडून पाहिले, त्या कामाची ज्यांना कल्पना आहे, त्यांना एकेक हरवलेलें पान किती महाग पडतें हें सांगावयास नको. पुढें २००८ सालीं हा सर्व संग्रह विनामूल्य खुला झाला, आणि तेव्हांपासून शेंकडों पानें एकत्र ठेवून वाचणें सामान्य अभ्यासकास शक्य झालें.

अशा वाचनाचें सर्वांत भयंकर उदाहरण अरल समुद्राचें. मध्य आशियांतील हें खारें सरोवर १९६० सालीं क्षेत्रफळानें जगांत चौथें होतें. सुमारें ६८ हजार चौरस किलोमीटर. त्याला पाणी देणाऱ्या नद्या दोन, अमूदर्या आणि सिरदर्या. सोव्हिएट राजवटीनें कापसासाठीं या दोन्ही नद्यांचें पाणी कालव्यांत वळविलें. १९७० नंतरच्या दशकांतील लँडसॅटचीं पानें पाहिलीं तर समुद्र अद्याप अखंड दिसतो. फक्त किनाऱ्याला एक पांढरी किनार आली आहे. १९८७ च्या सुमारास त्याचे दोन तुकडे झाले, उत्तरेचा लहान आणि दक्षिणेचा मोठा. पुढें दक्षिणेचाहि पूर्व-पश्चिम असा फांटा पडला. मधोमध वोझरोझ्देनिये नांवाचें एक बेट होतें, ज्या नांवाचा अर्थ पुनर्जन्म. तेथें सोव्हिएट लष्कर रोगजंतूंच्या अस्त्रांचे प्रयोग करीत असे, कारण सभोंवार पाणी होतें. पाणी हटत हटत २००१ च्या सुमारास तें बेट मुख्य भूमीस जोडलें गेलें. २०१४ सालच्या उन्हाळ्यांत दक्षिणेकडील पूर्वभाग संपूर्ण कोरडा पडलेला नासाच्या दुसऱ्या एका उपग्रहानें टिपला. मुयनाक आणि अराल्स्क हीं मच्छीमारांचीं बंदरें होतीं. तेथें वाळूंत रुतून बसलेल्या गलबतांचे सांगाडे लोक पाहावयास जातात. उघड्या पडलेल्या तळावरचें मीठ आणि शेतांतून वाहून आलेल्या कीटकनाशकांचा गाळ वारा उडवितो, आणि तो काराकल्पाक लोकांच्या शेतांवर व छातींत जाऊन बसतो.

हीं पानें ओळीनें पाहणाराला कोणी 'ही कला आहे' असें सांगण्यास धजणार नाहीं. पण गंमत अशी कीं, यांतलें एकच पान, समजा इ. स. २००० नंतरचें, वेगळें काढून दाखविलें तर तें या संग्रहांतील कोणत्याहि पानाइतकेंच मोहक आहे. उथळ पाण्याचा दुधाळ हिरवा रंग, मिठाचा बर्फासारखा पांढरा पट्टा, त्यांत शिरलेले निळे आंखात! सौंदर्य तेंच आहे. फक्त शेजारचें पान नाहीं. म्हणजे चित्राचें खरेंखोटें हें त्याच्या रंगरेषांत नसून त्याच्या तारखेंत आणि शेजारांत आहे, असें आम्ही म्हणतों तें केवळ कोटिक्रम म्हणून नव्हे.

यावर कोणी म्हणेल कीं, मग पानें ओळीनें लावलीं म्हणजे झालें. वाचन आपोआप होईल. तसें होत नाहीं. विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांचा इतिहास याला साक्ष आहे. ओ. जी. एस. क्रॉफर्ड या इंग्रज पुरातत्त्वज्ञानें अलेक्झांडर केलर याच्या साह्यानें १९२८ सालीं 'वेसेक्स फ्रॉम दि एअर' हा ग्रंथ काढला. पुरलेल्या खंदकावरील जमिनींत ओल अधिक टिकते, म्हणून तेवढ्या ओळींतलें पीक उंच व हिरवें राहतें. पुरलेल्या भिंतीवरचें पीक खुरटतें आणि लौकर पिवळें पडतें. जमिनीवरून चालणाराला हें दिसत नाहीं. गालिच्यावर बसलेल्या मांजराला नक्षी दिसत नाहीं, ती उभ्या माणसाला दिसते, असा क्रॉफर्डचा मार्मिक दृष्टांत आहे. परंतु क्रॉफर्डला ती नक्षी वाचतां आली याचें कारण तो आधीं सर्वेक्षणखात्यांत वर्षानुवर्षें त्याच शेतांतून पायपीट करून आला होता. मांजर आणि माणूस हे दोघेहि त्याच्यांत होते.

आमच्या देशांतील या शास्त्राचा आरंभहि असाच जमिनीला धरून झाला. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानसंस्थेचे पहिले संचालक पी. आर. पिशारोटी यांनीं १९७० च्या सुमारास केरळांतील माडांच्या बागांवरून हेलिकॉप्टर नेऊन अवरक्त फिल्मवर छायाचित्रें घेतलीं. माडांना मुळांचा एक रोग लागत असे, आणि डोळ्यास दिसण्यापूर्वींच तो या चित्रांत दिसला. पण कोणता डाग रोगाचा आणि कोणता नुसत्या सावलीचा, हें ठरविण्यास खालीं जाऊन माड पाहावे लागलेच.

लोणारची गोष्ट ताजी आहे. बुलढाणा जिल्ह्यांतील, उल्कापातानें झालेलें हें खारें तळें २०२० सालच्या जूनमध्यें एकाएकीं गुलाबी झालें. लँडसॅट-८ चीं २५ मे आणि १० जून यांचीं दोन चित्रें शेजारीं ठेवून नासानें प्रसिद्ध केलीं; पहिल्यांत पाणी हिरवट, दुसऱ्यांत गुलाबी. वर्तमानपत्रांत कौतुकास भरतें आलें. बदल झाला आणि तो कोणत्या पंधरवड्यांत झाला, हें उपग्रहानें अचूक सांगितलें. तो कां झाला, हें मात्र त्याला सांगतां आलें नाहीं. कोणी शेवाळ म्हणालें, कोणी कांहीं. शेवटीं तळ्याचें पाणी बाटल्यांत भरून पुण्याच्या आघारकर संशोधनसंस्थेंत आलें, आणि उन्हाळ्यानें पाणी आटून खारटपणा वाढल्यामुळें वाढलेल्या क्षारप्रिय सूक्ष्म जीवांचा तो रंग आहे, असें ठरलें. आकाशांतून प्रश्न आला. उत्तर कांठावर उभें राहून काढावें लागलें.

येथपर्यंतचा वाद केवळ रसिकतेचा आहे असें कोणास वाटलें तर त्याला आम्ही वनहक्कांच्या दाव्यांकडे पाहण्यास सांगूं. २००६ च्या कायद्यानें, १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासींस चार हेक्टरांपर्यंत हक्क मिळण्याची सोय झाली. त्या तारखेच्या आधीं ती जमीन कसली जात होती कीं नाहीं, हा वादाचा मुद्दा. आणि त्याला उपग्रहाचें चित्र हें उत्तर, असें पुष्कळ कचेऱ्यांतून मानलें गेलें. गुजरातेंत अशा चित्रांच्या आधारें दावे फेटाळले गेले, आणि प्रकरण तेथील उच्च न्यायालयापर्यंत गेलें. आतां गणित पाहावें. आपल्या १९८८ सालच्या पहिल्या भूनिरीक्षण-उपग्रहाच्या एका यंत्राचा ठिपका सुमारें ७२ मीटरांचा होता. एक एकराचें सबंध शेत त्यांतील एका ठिपक्यांत मावून वर जागा उरते. पुढच्या यंत्रांचा ठिपका सुमारें साडेतेवीस मीटरांचा झाला, म्हणजे त्याच शेताचे सातएक ठिपके. पालघरच्या उतारावर नाचणी-वरीचें वरकस शेत असतें. एक-दोन वर्षें पेरून तें पुन्हां पडीक टाकतात. जागोजाग मोहाचीं झाडें मुद्दाम राखलेलीं असतात, कारण मोह हेंहि त्या कुटुंबाचें पीकच. अशा शेताचे सात ठिपके 'झाडी' म्हणून वाचले जाण्यास काय उशीर? त्यांत चित्र पडीक वर्षाचें निघालें तर प्रश्नच मिटला. २०१२ सालीं नियमांत स्पष्ट घालण्यांत आलें कीं, उपग्रहचित्र इतर पुराव्यास पूरक म्हणून चालेल, त्यांच्या बदलीं चालणार नाहीं. ग्रामसभेंतील म्हाताऱ्याची साक्ष, जुना बांध, पूर्वजाचें थडगें, हींहि पानें त्याच पोथींतलीं आहेत, एवढें त्या नियमानें ओळखलें.

सुंदर चित्राची मोहिनी आणि सरकारी चित्राचा दरारा यांत आम्हांस जो संबंध दिसतो, तो हाच. दोन्ही ठिकाणीं पाहणारा एका पानापुढें थबकतो आणि वाचण्याचें सोडतो. पहिल्यांत आनंदानें, दुसऱ्यांत आदरानें. हें अरण्य आहे, हें व्हॅन गॉग आहे: दोन्ही विधानांची घडण एकच.

'अर्थ ॲज आर्ट'च्या बाजूनें एक गोष्ट मोठ्या जोरानें बोलली जाते, आणि ती खोटी नाहीं. सामान्य माणूस आंकड्यांच्या कोष्टकाकडे पाहत नाहीं. सौंदर्यानें त्याला ओढलें नाहीं तर लँडसॅट हें नांवहि त्याच्या कानीं पडणार नाहीं, आणि ज्या उद्योगाला लोकांचा पैसा लागतो त्याला लोकांचें प्रेमहि लागतें. आमच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनाहि आम्हीं हेंच पुस्तक प्रथम दाखविलें होतें, कोष्टकें नव्हेत. पण ओढून आणलेल्या पाहुण्याला दारांतच उभें ठेवावें काय? पानाच्या कोपऱ्यांत तारीख ठळक छापावी. कोणत्या अदृश्य पट्ट्याला कोणता रंग दिला तें एका ओळींत सांगावें. आणि डाव्या पानावर त्याच जागेचें दहा-वीस वर्षांपूर्वींचें चित्र द्यावें, मग तें कितीहि निस्तेज असो. एवढ्यानें पुस्तक दुप्पट जाड होईल, आणि त्यांतलीं निम्मीं चित्रें कुरूप असतील.

त्या कुरूप चित्रांत पहिलें मानाचें स्थान आम्ही उत्तर अरलाला देऊं. २००५ सालीं कझाकस्ताननें जागतिक बँकेच्या साह्यानें कोक-अरल येथें सुमारें तेरा किलोमीटरांचें एक धरण बांधून सिरदर्याचें पाणी लहान समुद्रांत अडविलें. अपेक्षेहून लौकर पातळी चढली, खारटपणा उतरला, आणि गोड्या पाण्यांतले मासे परत आले. धरणापूर्वींचें आणि नंतरचें, अशीं दोन चित्रें शेजारीं ठेवलीं तर विशेष कांहीं दिसत नाहीं: एक निळा डाग, आणि तोच डाग थोडा मोठा.